जळगावहून विमानानं किती लांब आणि किती वेळ? स्वतः मोजायची रीत

आमच्या घरी कुणाचं विमानाचं तिकीट निघालं की ओट्यावरून आबांचा एकच प्रश्न येतो, "भाऊ, पोचाले कितला टाईम लागस?" पूर्वी मी फोनमध्ये बघून ठोकून द्यायचो, "सव्वा तास." मग सकाळी आठला घर सोडलेला माणूस दुपारी दोनला अंधेरीतून पोचल्याचा फोन करायचा, आणि आबा माझ्याकडे असे बघायचे की जणू विमान मीच चालवत होतो. आकडा खोटा नव्हता. आबा घराचं विचारत होते आणि मी विमानाचं सांगत होतो.

आपण खानदेशातली माणसं अंतर रेल्वेच्या हिशेबानं शिकलो. भुसावळहून मुंबई ४४४ किलोमीटर, जळगावहून ४२०. गाडी रुळावरूनच जाणार, त्यामुळे अंतर ठरलेलं आणि वेळ वेळापत्रकात छापलेली. विमानाला रूळ नसतो. त्याचं नकाशावरचं सरळ अंतर एक असतं, त्या दिवशी प्रत्यक्ष कापलेलं अंतर दुसरं असतं, आणि वेळ तर तीन तऱ्हांची असते. पहिल्यांदा विमानानं जाणाऱ्यानं हे वेगवेगळं धरलं की निम्मा गोंधळ तिथंच मिटतो. लागणारं सामान म्हणजे फोन, कॅल्क्युलेटर आणि पाठकोरा कागद.

पहिली पायरी: शहर नको, विमानतळ पक्का करा

"मुंबईचं तिकीट काढलं" एवढ्यावर आता भागत नाही. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमानं सुटू लागली. जुन्या विमानतळाचा तीन अक्षरी कोड बीओएम, नव्याचा एनएमआय. दोघांमधलं सरळ अंतर जेमतेम २४ किलोमीटर आहे. रस्त्यानं किती तास लागतात ते मुंबईकराला विचारा, तो आधी सुस्कारा सोडेल. गोव्याचंही तेच आहे. दाबोळीचा कोड जीओआय, पेडण्याजवळच्या मोपाचा जीओएक्स, आणि दोघांत सरळ चाळीस किलोमीटर. दक्षिण गोव्यातल्या कोलव्याला हॉटेल घेऊन उत्तरेच्या मोपाला उतरलात तर जळगाव ते गोवा हा प्रवास सोपा वाटेल आणि पुढची टॅक्सी महाग पडेल. दुबईतही दोन विमानतळ आहेत, लंडनला तर सहा.

म्हणून तिकिटावरचा तीन अक्षरी कोड वाचायची सवय लावा. आपल्या जळगावचा जेएलजी, पुण्याचा पीएनक्यू, हैदराबादचा एचवायडी, अहमदाबादचा एएमडी. छत्रपती संभाजीनगरचा आयएक्सयू आहे, त्याचा ना जुन्या नावाशी मेळ बसतो ना नव्या. अंतर दाखवणारी कुठलीही साइट कोड टाकला की बिनचूक चालते. नुसतं "जळगाव" टाकलं तर एखादं ॲप तुम्हाला बुलढाण्याच्या जळगाव जामोदलाही नेऊन बसवेल.

आता आपला जवळचा विमानतळ कोणता, हा प्रश्न. जळगाव, भुसावळ, रावेर, यावल, चोपडा, एरंडोल या पट्ट्याला जळगावच. धुळ्याच्या माणसानं नाशिकजवळच्या ओझरचाही विचार करावा, तो मुंबई-आग्रा महामार्गावरच आहे आणि नाशिक शहरात शिरायचीही गरज पडत नाही. नंदुरबारहून सुरत, कारण ताप्ती लाइनची गाडी थेट तिथंच जाते. चाळीसगावकरांना संभाजीनगर नकाशावर जवळ दिसतं, पण मध्ये कन्नडचा घाट आहे. त्या घाटात अडकलेल्या माणसाला किलोमीटर सांगू नयेत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. जळगावच्या विमानतळाचं उद्घाटन २३ मार्च २०१२ ला तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते झालं, आणि नियमित प्रवासी विमान यायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. तेही लहान गावांना स्वस्त विमानसेवा देण्याच्या केंद्र सरकारच्या उडान योजनेमुळे. पुढं सेवा बंद पडली, सुरू झाली, पुन्हा बंद पडली. २०२४ मध्ये गोवा, हैदराबाद, पुणे आणि मुंबई अशी विमानं लागली. एवढा इतिहास असल्यावर शहाण्यानं काय करावं? अंतर मोजत बसण्याआधी आपल्याला हव्या त्या वारी विमान आहे का ते कंपनीच्या साइटवर बघावं. लहान मार्गांवर विमान रोज असतंच असं नाही, आणि उन्हाळी व हिवाळी वेळापत्रक बदललं की वारही बदलतात.

दुसरी पायरी: सरळ अंतर काढा

दोन विमानतळांमधलं अंतर म्हणून जो आकडा दाखवतात, तो पृथ्वीच्या गोल पाठीवरून दोन ठिकाणं जोडणाऱ्या सगळ्यांत आखूड रेषेचा असतो. शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोन ठिकाणी बोटं ठेवून दोरा ताणून धरला तर तो जसा बसेल, तीच ही रेषा. गुगल मॅपवर ठिकाणावर बोट दाबून ठेवलं की "अंतर मोजा" हा पर्याय येतो, तोही हेच मोजतो. ग्रेट सर्कल मॅपर नावाची साइट कोड टाकल्यावर रेषाही काढून दाखवते.

पण मला हातानं काढायला आवडतं, आणि आपल्या भागापुरती त्याची रीत सोपी आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, हे सगळीकडे सारखंच. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तावर १११ असतो आणि उत्तरेकडं जावं तसा आखडत जातो. आपल्या वीस-एकवीस अक्षांशाच्या पट्ट्यात तो साधारण १०४ किलोमीटरचा भरतो. खानदेशासाठी एवढे दोनच आकडे लक्षात ठेवायचे: १११ आणि १०४.

जळगाव विमानतळ अक्षांश २०.९६, रेखांश ७५.६३. मुंबईचा जुना विमानतळ १९.०९ आणि ७२.८७. अक्षांशातला फरक १.८७, गुणिले १११, झाले २०८. रेखांशातला फरक २.७६, गुणिले १०४, झाले २८७. आता आठवीतला पायथागोरस काढा. २०८ चा वर्ग अधिक २८७ चा वर्ग, आणि त्यांच्या बेरजेचं वर्गमूळ. उत्तर ३५४. साइट ३५५ च्या आसपास दाखवते. रुळाच्या ४२० मधले पासष्ट किलोमीटर इथंच वाचले.

याच रीतीनं जळगावहून पुणे सुमारे ३१८, अहमदाबाद ३८८, हैदराबाद ५०७ आणि मोपा ६०८ किलोमीटर येतं. यात पुण्याचा आकडा बघण्यासारखा आहे. रेल्वेनं मनमाड-दौंडमार्गे पुणे पावणेपाचशेच्या घरात जातं. म्हणजे रूळ जेवढा वाकडा, तेवढा विमानाचा फायदा मोठा. मुंबईचा रूळ बऱ्यापैकी सरळ आहे, तिथं तेवढा फायदा होत नाही.

दोन ठिकाणी नवखा माणूस फसतो. एक म्हणजे एकक. काही साइट अंतर नॉटिकल मैलात देतात, काही साध्या मैलात. जळगाव-मुंबई १९२, २२१ आणि ३५५ असे तीन आकडे दिसले तर तिन्ही बरोबर आहेत. पहिला नॉटिकल मैल, दुसरा मैल, तिसरा किलोमीटर. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. आमच्या ओळखीतल्या एकानं १९२ बघून "एवढ्याशा अंतराला एवढं भाडं?" म्हणून तिकीटच काढलं नव्हतं.

दुसरी फसगत लांबच्या प्रवासात. १११ आणि १०४ ची रीत मुंबई-दुबईपर्यंत चालून जाते, १,९३० च्या जागी १,९४५ आलं तर कोण भांडतं? पण हीच रीत मुंबई-लंडनला लावा, ८,४०० च्या वर उत्तर येतं. खरं अंतर सुमारे ७,२०० आहे. बाराशे किलोमीटरची चूक! कारण लंडनच्या अक्षांशावर रेखांशाचा अंश ७० किलोमीटरच्याही आत येतो, आणि आपण मात्र सगळीकडे खानदेशाचंच माप लावत बसतो. विमान ज्या वाटेनं जातं ती सपाट नकाशावर उत्तरेकडं फुगलेली कमान दिसते, ती याचमुळे. ती वाकडी वाट नव्हे. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, तो तिथूनच जाईल.

तिसरी पायरी: सरळ अंतरात वळणं मिळवा

विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं आणि वाऱ्याच्या तोंडावरच उतरतं. जळगावहून मुंबईला पश्चिमेकडं जायचं असलं तरी वारा पूर्वेचा असेल तर आधी भुसावळकडं तोंड करून उडेल आणि मग वळून येईल. खिडकीतून उलट्या बाजूची शेतं दिसली की घाबरू नका. पुढंही विमान ठरलेल्या हवाई मार्गांवरून जातं, लष्करी हद्द टाळतं, पावसाळ्यात ढगांचे डोंगर टाळतं.

आणि मग मुंबई. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीचाच उपयोग होतो. गर्दीच्या वेळी विमानाला वरच घिरट्या घालायला लावतात. भुसावळच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही, गाडी आउटरला थांबते तसंच विमान आभाळातल्या आउटरला थांबतं. फरक एवढाच, की इथं उतरून रुळावरून चालत जाता येत नाही.

परदेशी वाटांवर तर देशांची भांडणंही अंतर वाढवतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली, तेव्हापासून दिल्लीहून युरोपकडं जाणाऱ्या भारतीय विमानांना दक्षिणेकडून वळसा पडू लागला. दोन विमानतळांमधलं सरळ अंतर तसूभर बदललं नाही, वेळ मात्र वाढली. म्हणून लांबच्या प्रवासाला निव्वळ अंतरावरून वेळ सांगणारी साइट बघू नका. विमानं कुठं आहेत ते दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ या साइटवर तोच विमान क्रमांक टाकून मागच्या आठवड्यात प्रत्यक्ष किती वेळ लागला ते बघा.

चौथी पायरी: विमानाची वेळ

इथं जरा सावकाश वाचा.

विमान चाकं उचलून पुन्हा चाकं टेकवेपर्यंतची वेळ ही हवेतली वेळ. अंतर सांगणाऱ्या बऱ्याच साइट हीच देतात, कारण अंतराला वेगानं भागलं की ती निघते. तिकिटावरची वेळ वेगळी असते. विमान आपल्या जागेवरून हललं तिथपासून दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी येऊन थांबलं तिथपर्यंत, याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर रांगत येणं, सगळं त्यात आलं. शिवाय कंपन्या त्यात थोडी ढिलाईही ठेवतात. ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत पोचलेलं विमान वेळेवर आलं असंच या धंद्यात मोजतात, आणि आधी पोचलं तर वर टाळ्याही मिळतात.

अंदाज काढायची माझी रीत अशी. जळगावला जी विमानं येतात ती एटीआर ७२ जातीची, पंख्याची. धावपट्टी आखूड आहे, तिला हीच सोयीची. हे विमान वर गेल्यावर ताशी सुमारे ५०० किलोमीटरनं जातं. म्हणून अंतराला ५०० नं भागा आणि वर अर्धा तास टाका. मुंबई: ३५५ भागिले ५००, म्हणजे ४३ मिनिटं, अधिक ३०, झाली ७३. तिकिटावर सव्वा तासाच्या आसपास असतं. हैदराबाद ६१ अधिक ३०, दीड तास. मोपा ७३ अधिक ३०, पावणेदोन तासांना थोडं कमी. हा अर्धा तास अंतरानुसार वाढत नाही, आणि म्हणूनच जवळचा विमानप्रवास अंतराच्या मानानं महागडा आणि हळू वाटतो.

मुंबईहून पुढं जाणारी मोठी जेट विमानं ताशी आठशेच्या वर जातात. त्यांच्यासाठी ८०० नं भागा आणि ४० मिनिटं टाका. मुंबई-दिल्ली १,१३८ किलोमीटर, म्हणजे ८५ अधिक ४०, सव्वादोन तासांच्या आत. मुंबई-लंडन नऊ तास अधिक ४० मिनिटं.

जाताना आणि येताना वेळ सारखी नसते, याचंही नवख्याला नवल वाटतं. वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचे वारे वाहतात, हिवाळ्यात उत्तर भारतावर तर फारच. त्यामुळे दुबईहून मुंबईला येणारं विमान जाणाऱ्यापेक्षा लवकर पोचतं. तापीच्या पुरात वरून खाली पोहणं आणि खालून वर पोहणं यात जो फरक, तोच इथं.

ब्लॉक टाइम कळून घ्यायचं आणखी एक रोकडं कारण आहे. पुरेशी आगाऊ सूचना न देता कंपनीनं विमान रद्द केलं, आणि कारण हवामानासारखं तिच्या हाताबाहेरचं नसलं, तर डीजीसीएच्या, म्हणजे सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमानुसार मिळणारी भरपाई ब्लॉक टाइमवर ठरते. एक तासापर्यंत ५,००० रुपये, एक ते दोन तास ७,५००, दोन तासांच्या वर १०,०००. किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांपैकी जे कमी असेल ते. मुंबई सव्वा तासाची असली की तुम्ही मधल्या गटात बसता. अंतराचा संबंध भाड्याशीही आहे. उडान योजना आली तेव्हा सुमारे ५०० किलोमीटर किंवा तासाभराच्या प्रवासाला योजनेतल्या जागांसाठी २,५०० रुपयांची मर्यादा घातली होती. त्या जागा साधारण निम्म्याच असायच्या, त्यामुळे उशिरा जागा झालेल्याला पूर्ण भाडंच पडायचं.

पाचवी पायरी: घड्याळ कुठल्या गावचं?

तिकिटावर सुटायची वेळ सुटण्याच्या गावची असते आणि पोचायची वेळ पोचण्याच्या गावची. देशातल्या देशात याचा त्रास नाही, आख्ख्या भारताचं घड्याळ एकच आहे. परदेशाला जाताना मात्र वजाबाकी फसवते. मुंबईहून दहाला सुटून दुबईला पावणेबाराला पोचणारं विमान पावणेदोन तासांचं नाही. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागं आहे, म्हणजे प्रवास सव्वातीन तासांचा. परतीला तिकडून एकला सुटून इकडं साडेपाचला पोचतं. साडेचार तास दिसतात, खरे तीन. पश्चिमेला जाताना घड्याळातला फरक मिळवा, येताना वजा करा. लंडनला आणखी एक भानगड आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ते घड्याळ तासभर पुढं करतात, त्यामुळे फरक उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास. पोचायच्या वेळेशेजारी "+१" दिसलं तर दुसऱ्या दिवशी पोचणार असं समजा.

याहून मोठा खड्डा मध्यरात्रीचा आहे, आणि त्यात आम्ही सहकुटुंब पडलो. अमळनेरचा माझा आतेभाऊ दुबईला नोकरीला निघाला. तिकिटावर १५ तारीख, ००:४०. पंधरा तारखेला संध्याकाळी आत्याकडं जेवणाची पंगत, भरीत-भाकरी, पाहुणे, नारळ, सगळं. रात्रीच्या गाडीनं मुंबईला जायचं असं ठरलेलं. भाकरी हातात असताना कुणीतरी तिकीट वाचलं. विमान त्या दिवशी पहाटेच, म्हणजे चौदाच्या रात्री, सुटून गेलं होतं. नवं तिकीट काढावं लागलं. त्याचे पैसे त्यानं फेडले, पण आत्या अजून ते भरीत विसरलेली नाही. तेव्हा दोन शून्यांनी सुरू होणारी वेळ दिसली की आदल्या संध्याकाळी विमानतळावर हजर व्हायचं. कॅलेंडरवर खूण आदल्या तारखेला करा.

सहावी पायरी: थांबा असेल तर

जळगावहून दिल्ली सरळ रेषेत सुमारे ८५७ किलोमीटर. पण थेट विमान नसेल आणि मुंबईहून बदलायचं असेल तर आधी नैर्ऋत्येला ३५५ आणि मग उत्तरेला १,१३८, एकूण जवळपास दीड हजार. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच. वर मधला थांबा. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असतील तर पहिल्याला उशीर झाल्यावर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर येते. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर दुसरं चुकलं की तुमचं तुम्ही बघा. अशा वेळी मी किमान चार तास मध्ये ठेवतो. आणि एक विमान बीओएमला उतरून दुसरं एनएमआयहून सुटणार असेल, तर ते तिकीट काढूच नका.

दिल्लीपुरतं बोलायचं तर मला स्वतःला रेल्वे बरी वाटते. मुंबईहून निघणारी राजधानी जळगावला थांबते. रात्री जळगावला चढायचं, सकाळी हजरत निजामुद्दीनला उतरायचं. विमानानं तेवढाच दिवस जागेपणी जातो.

सातवी पायरी: घरापासून घरापर्यंत

आता आबांच्या प्रश्नाचं खरं उत्तर. चोपड्याहून पुण्यात हिंजवडीला जायचं आहे, आणि विमान जळगावहून दुपारी तीनला आहे असं धरू. कागदावर तीनपासून उलटं मोजत या.

बहुतेक कंपन्या देशांतर्गत विमानाचा काउंटर सुटण्याच्या सुमारे तासभर आधी बंद करतात आणि गेट वीस-पंचवीस मिनिटं आधी. नेमके आकडे तिकिटावर छापलेले असतात. तीनचं विमान म्हणजे तीनला स्टँडवर येऊन हात दाखवायची एसटी नव्हे. बोर्डिंग पासवर मोठ्या अक्षरात असते ती विमानात चढायला सुरुवात होण्याची वेळ, तीही सुटण्याच्या वेळेहून आधीची असते. दीड तास आधी पोचायचं, म्हणजे दीडला विमानतळावर. विमानतळ शहराबाहेर अजिंठा रस्त्याच्या अंगाला आहे, जळगाव शहर ओलांडायला अर्धा तास धरा. चोपडा ते जळगाव सव्वा तास. पावणेबारा झाले. पंक्चर, केळीचे ट्रक आणि रेल्वे फाटक यांच्या नावानं पंधरा मिनिटं बाजूला काढा. घर सोडायचं साडेअकराला. काळीपिवळीनं जाणार असाल तर अकराला, कारण ती भरल्याशिवाय हलत नाही.

विमान तीनला हललं, चार वाजून दहाला लोहगावला, म्हणजे पुण्याच्या विमानतळावर. बॅगेला वीस-पंचवीस मिनिटं. खानदेशी माणूस बिनबॅगेचा जाणं शक्य नाही. पापड, काळा मसाला, कळण्याचं पीठ आणि लोणच्याची बरणी असतेच. तेलाचं लोणचं केबिनमध्ये अडवतात, ते चेक-इन बॅगेतच टाका, म्हणजे पट्ट्यापाशी थांबणं आलंच. वजनाची मर्यादा बहुधा १५ किलो असते, ती घरी मोजून निघा. पुढं लोहगाव ते हिंजवडी, संध्याकाळची वेळ, दीड तास. घरात पाय ठेवायला सहा वाजून जातात.

साडेसहा तास. त्यात आभाळातला वेळ पाऊण तास. रात्रीची ट्रॅव्हल्स नऊ-दहा तास घेते, पण ते तास झोपेत जातात. हेच जळगाव शहरात राहणाऱ्या आणि पुण्यात विमानतळाजवळच्या विमाननगरला जाणाऱ्या माणसाचं तीन-साडेतीन तासांत होतं, त्याला विमान फुकटासारखं आहे. म्हणून दुसऱ्याचा अनुभव आपल्याला लावू नका. विमानतळाच्या दोन्ही टोकांना तुमचं घर किती लांब, यावर सगळं ठरतं.

या हिशेबात ऋतूही धरा. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ वर जातो. तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकदही घटते. आखूड धावपट्टीवरून अशा दुपारी उडायचं तर विमानातलं वजन कमी ठेवावं लागू शकतं, कधी बॅगा मागून येतात. उन्हाळ्यात सकाळचं विमान मिळालं तर तेच घ्या. हिवाळ्यात उलट. पहाटे धुकं धरतं, आणि सकाळचं पहिलं विमान ज्या गावाहून यायचं तिथं धुकं असलं तरी उशीर आपल्याकडं पोचतो. लहान मार्गांवर एकच विमान दिवसभर गावोगाव फिरत असतं. आपलं विमान आधी कुठून येतंय ते फ्लाइटरडार२४ वर बघितलं तर कंपनीचा मेसेज येण्याआधीच उशीर कळतो.

आता मी घरच्या ग्रुपवर अंतर टाकतच नाही. परवा पुतण्या पुण्याला निघाला तेव्हा एवढंच लिहिलं: घर ११:३०, विमानतळ १:३०, विमान ३:००, लोहगाव ४:१०, खोलीवर ६:१५, फोन त्यानंतर. आबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि आतल्या खोलीकडं बघून ओरडले, "डबा बांधी दे त्याले."